पांढरीची माती आणि जिल्ह्याचा इतिहास

आपल्या जुन्या बोलीत गावाचे दोन भाग मानले जातात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. वस्तीच्या जागेला पांढरी हे नाव का पडले असावे, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय?

उत्तर मातीतच आहे. माणसे एका जागी शेकडो वर्षे राहिली म्हणजे तेथे चुलीची राख पडते, शेण पडते, जनावरांची हाडे पडतात. मातीच्या भिंती पावसात विरघळतात आणि त्यांच्यावर नव्या भिंती उभ्या राहतात. चुना, राख आणि सेंद्रिय कचरा यांच्या मिश्रणाने मूळची काळी माती करडी, फिकट, भुसभुशीत होते आणि जागा हळूहळू उंचावत जाते. ओसाड पडलेल्या अशा उंचवट्याला कोणी टेकाड म्हणतात, कोणी पांढरीचे टेकाड. तापीच्या काठाने चालत गेलात, तर अशी टेकाडे जागोजाग दिसतात.

शेतकऱ्याला ही माती फार उपयोगाची असते. हाडे, राख आणि शेण यांमुळे तिच्यात फॉस्फेटचे प्रमाण भरपूर असते. नायट्रेट पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाते, पण फॉस्फेट मातीच्या कणांना घट्ट चिकटून राहते. म्हणून हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तीची खूण आजही रासायनिक परीक्षेत सापडते आणि म्हणूनच ती माती शेतात टाकली की पीक जोमाने येते. जी गोष्ट या मातीला खत बनविते, तीच तिला इतिहासाचे दप्तरही बनविते. महाराष्ट्रातील अनेक जुनी टेकाडे गाडीगाडीने शेतात गेली, ती याच कारणाने.

हे दप्तर वाचायचे कसे, आणि ते राखण्यासाठी ग्रामपंचायत, जिल्हा परिषद व जिल्हा प्रशासन काय करू शकतात, हे दोन प्रश्न या लेखात पाहू. उदाहरण घेऊ नंदुरबार जिल्ह्याचे.

प्रकाशा येथील टेकाड

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. जिल्हा नवा असला तरी येथील वस्ती मात्र फार जुनी आहे. शहादा तालुक्यात तापी आणि गोमाई या नद्यांच्या संगमावर प्रकाशा हे गाव आहे. दक्षिण काशी म्हणून यात्रेकरू ते ओळखतात. पुरातत्त्वज्ञ ते वेगळ्या कारणाने ओळखतात. १९५४-५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने तेथील टेकाडाचे उत्खनन केले. उत्खननाचे प्रमुख होते बी. के. थापर. हेच थापर पुढे राजस्थानातील कालीबंगा येथील उत्खननात होते आणि १९७८ ते १९८१ या काळात या खात्याचे महासंचालक झाले.

प्रकाशा येथे वस्तीच्या थरांची जाडी सुमारे १७ मीटर भरली. पाचमजली इमारतीची उंची साधारण एवढीच असते. हे थर चार कालखंडांत विभागता आले. सर्वांत खालचा कालखंड ताम्रपाषाण युगाचा, इ. स. पू. १७०० ते १३०० च्या सुमाराचा. त्यात रंगीत नक्षीची भांडी आणि दगडाची बारीक पाती मिळाली. याच कालखंडाच्या उत्तरार्धात जोर्वे पद्धतीची भांडी आली. ही भांडी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जोर्वे या गावाच्या नावाने ओळखली जातात. दुसरा कालखंड इ. स. पू. ७०० ते १०० चा असून त्यात लोखंड दिसू लागते. तिसरा इ. स. पू. १०० ते इ. स. ६०० आणि चौथा इ. स. ६०० ते ११०० असा आहे.

पहिल्या आणि दुसऱ्या कालखंडांच्या सनावळीकडे नीट पाहा. त्यांच्यामध्ये सुमारे सहाशे वर्षांचे अंतर आहे. संगमावरची सुपीक जागा माणसांनी का सोडली? पाऊस कमी झाला काय? पूर आले काय? की वस्ती जवळच दुसरीकडे हलली? या प्रश्नाचे उत्तर एकट्या प्रकाशा येथील खड्ड्यातून मिळणार नाही. त्यासाठी आसपासची दहावीस टेकाडे अभ्यासावी लागतील आणि ती तोपर्यंत जागेवर असावी लागतील.

तापीच्या खोऱ्यात अशी स्थळे खरोखरच पुष्कळ आहेत. पुरातत्त्व खात्याच्या एस. ए. साळी यांनी त्या वेळच्या धुळे जिल्ह्यात पायी फिरून ताम्रपाषाण युगाची आणि उत्तर हडप्पा काळाची अनेक स्थळे नोंदविली. तापीकाठच्या सावळदे या गावाचे नाव तर एका संपूर्ण संस्कृतीला मिळाले आहे. सावळदा संस्कृती ही महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या शेतकरी संस्कृतींपैकी एक होय. धुळे जिल्ह्यातीलच कवठे येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात या लोकांच्या जमिनीत खोदलेल्या वर्तुळाकार घरांचे खड्डे मिळाले. पश्चिम महाराष्ट्रात सिंचन आले, शहरे आली, साखर कारखाने आले, आणि तेथील इतिहासही बराच लिहिला गेला. खानदेशाचा प्राचीन इतिहास अजून बराचसा मातीतच आहे.

सहा मिलिमीटरचे एक वर्ष

आता थोडे गणित करू. प्रकाशा येथील थर १७ मीटर जाड आहेत आणि इ. स. पू. १७०० पासून इ. स. ११०० पर्यंत सुमारे २८०० वर्षे होतात. १७ मीटर म्हणजे १७,००० मिलिमीटर. त्याला २८०० ने भागले, तर वर्षाला सरासरी ६ मिलिमीटर असे उत्तर येते. अर्थात ही केवळ सरासरी आहे. पूर आला तर एका रात्रीत हातभर गाळ पडतो, वस्ती उठली तर शंभर वर्षांत काहीच भर पडत नाही. पण अंदाज करण्यासाठी सरासरी पुरेशी आहे.

मातीचा व्यवहार आपल्याकडे ब्रासमध्ये होतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास माती बसते असे धरू. टेकाडाच्या १० मीटर लांब व १० मीटर रुंद तुकड्यावरून १ मीटर माती काढली, तर ती १०० घनमीटर होईल. म्हणजे सुमारे ३५ ट्रॉल्या. यंत्राने उकरायला लागलो तर हे एका दिवसाचे काम झाले. पण १ मीटर म्हणजे १००० मिलिमीटर, आणि वर्षाला ६ मिलिमीटर या हिशेबाने सुमारे १६५ वर्षे. माणसांच्या सहासात पिढ्या जेथे जेवल्या, झोपल्या, मेल्या, त्या जागेची सारी नोंद एका दिवसात ३५ ट्रॉल्यांतून निघून जाते. शेतात पसरलेल्या त्या मातीत खापरे तीच असतात. पण कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे, हे मात्र आता कोणीच सांगू शकत नाही.

थरांचा क्रम हा पुरातत्त्वाचा पाया आहे. उलथापालथ झालेली नसेल तर खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, हा साधा नियम भूविज्ञानातून पुरातत्त्वात आला. त्यामुळे पुरातत्त्वज्ञ वस्तूपेक्षा तिच्या जागेला अधिक जपतो. सोन्याचा मणी सापडला पण थर माहीत नसला तर तो केवळ दागिना. मातीचा मणी सापडला आणि थर माहीत असला तर तो पुरावा.

कोळशाचे घड्याळ

थरांवरून क्रम कळतो, पण वर्षे कळत नाहीत. त्यासाठी भौतिकशास्त्राची मदत घ्यावी लागते.

वातावरणात वरच्या भागात विश्वकिरणांच्या माऱ्यामुळे नायट्रोजनपासून कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी कार्बन सतत तयार होत असतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने झाडात जातो आणि झाडांवाटे जनावरांत व माणसांत जातो. जिवंतपणी ही आवक चालू असते. झाड तोडले की आवक थांबते आणि जवळच्या साठ्याचे विघटन तेवढे चालू राहते. दर ५७३० वर्षांनी साठा निम्मा होतो. यालाच अर्धायुष्यकाल म्हणतात. अमेरिकन शास्त्रज्ञ विलार्ड लिबी यांनी १९४९ च्या सुमारास या तत्त्वावर कालमापनाची पद्धत बसविली आणि १९६० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जिवंत झाडातील एक ग्रॅम कार्बन घेतला, तर त्यात दर मिनिटाला सुमारे १३.६ विघटने होतात. प्रकाशा येथील सर्वांत खालच्या थरांच्या काळातला, म्हणजे सुमारे ३५०० वर्षांपूर्वीचा कोळसा घेतला, तर मूळच्या ६५.५ टक्के कार्बन-१४ शिल्लक असायला हवा. म्हणजे मिनिटाला सुमारे ८.९ विघटने. हा फरक मोजणे म्हणजेच काळ मोजणे. वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण पूर्वी नेमके आजच्याएवढे नव्हते, म्हणून आलेल्या उत्तरात झाडांच्या वर्षवलयांच्या आधाराने दुरुस्ती करावी लागते.

प्रकाशा येथे उत्खनन झाले, तेव्हा भारतात असे कालमापन करणारी प्रयोगशाळा नव्हती. तेथील काळ मुख्यतः भांड्यांची इतर स्थळांतील भांड्यांशी तुलना करून ठरविले गेले. त्यानंतर १९६० च्या पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अशी प्रयोगशाळा सुरू झाली आणि पुढे हे काम अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेले. पूर्वी एका मापनाला काही ग्रॅम कोळसा लागत असे. आता दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रासारख्या ठिकाणी त्वरकाच्या साहाय्याने कार्बन-१४ चे अणू थेट मोजले जातात आणि मिलिग्रॅमभर कार्बनही पुरतो. एक जळका दाणासुद्धा आपले वय सांगू शकतो. अर्थात तो दाणा ज्या थरातला आहे त्या थरात राहिलेला असला पाहिजे.

भेसळ झाली तर किती घोटाळा होतो, हेही गणिताने पाहू. ३५०० वर्षांपूर्वीच्या कोळशात १० टक्के कार्बन आजच्या मुळांचा किंवा शेणाचा मिसळला असे समजा. आता शिल्लक कार्बन-१४ चे प्रमाण होईल : ६५.५ चे ९० टक्के म्हणजे ५८.९५, अधिक १०. एकूण सुमारे ६९ टक्के. एवढ्या प्रमाणावरून काळ काढला तर तो सुमारे ३०७० वर्षे येतो. दहा टक्के भेसळीने चारशेहून अधिक वर्षे हरवली. उकरलेल्या, पुन्हा भरलेल्या, नांगरलेल्या टेकाडातील कोळशावर शास्त्रज्ञ विश्वास ठेवत नाहीत, त्याचे कारण हे आहे.

दायमाबादचा धडा

वस्तू हाती आली तरी संदर्भ हरवला म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९७४ मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे एका शेतकऱ्याला जमीन खणताना धातूच्या चार मोठ्या वस्तू सापडल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जोडलेला, माणूस उभा असलेला रथ. चारही मिळून वजन ६० किलोग्रॅमच्या वर होते. भारतीय धातुकलेतील हा अपूर्व ठेवा सरकारजमा झाला आणि संग्रहालयात सुरक्षित राहिला, ही मोठी भाग्याची गोष्ट.

परंतु या वस्तू शास्त्रीय उत्खननात, थरातून निघालेल्या नव्हत्या. त्यामुळे त्या नेमक्या कोणत्या काळातल्या, यावर मतभेद झाले. तेथे पुढे उत्खनन करणाऱ्या साळींनी त्या उत्तर हडप्पा काळाच्या मानल्या. डी. पी. अगरवाल यांनी त्यांच्या धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणाकडे बोट दाखवून शंका घेतली. भारतातील इतक्या मोलाच्या वस्तू, पण त्यांच्याजवळ जन्मतारखेचा दाखला नाही. त्या जागेची नोंद आधीपासून असती, खणण्यापूर्वी कोणी पाहणी केली असती, तर हा वाद कदाचित उभा राहिला नसता.

न खणता पाहणे

टेकाडात काय आहे हे पाहायचे तर खणावेच लागेल असे अनेकांना वाटते. तसे नाही. उत्खननाने थर वाचता येतात, पण वाचता वाचता ते नष्टही होतात. एकदा वाचून झाल्यावर पान फाडावे लागणारे हे पुस्तक आहे. म्हणून खणण्याआधी जे जे कळेल ते कळून घेणे शहाणपणाचे असते.

शाळेच्या पुस्तकातील ओहमचा नियम येथे उपयोगी पडतो. जमिनीत एका रेषेत, सारख्या अंतरावर चार धातूच्या सळया ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळयांतून विद्युतप्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन सळयांमधील विभवांतर मोजायचे. विभवांतराला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. दोन सळयांमधील अंतर a आणि रोध R असेल, तर जमिनीची रोधकता २πaR या सूत्राने मिळते. समजा अंतर १ मीटर आहे आणि रोध ५ ओहम आला, तर रोधकता ३१.४ ओहम-मीटर झाली. ओलसर काळ्या मातीची रोधकता कमी असते, दगडी पायाची जास्त. सळया पुढे सरकवत गेलो आणि एका रेषेत रोधकता एकदम वाढलेली दिसली, तर तेथे जमिनीखाली भिंत असण्याचा संभव असतो. इंग्लंडमध्ये रिचर्ड ॲटकिन्सन यांनी १९४६ मध्ये ही पद्धत पुरातत्त्वासाठी वापरून दाखविली.

गंमत अशी, की हे यंत्र आपल्या जिल्ह्यांना नवे नाही. विहिरीसाठी व कूपनलिकेसाठी पाण्याची जागा शोधताना भूजल सर्वेक्षणाचे लोक हेच तत्त्व वापरतात. भूमी अभिलेख कार्यालयात गावोगावचे नकाशे असतात, त्यांवर जुने गावठाण दाखविलेले असते. कृषी विभागाच्या प्रयोगशाळेत मातीतील फॉस्फरस मोजला जातो. म्हणजे पुरातत्त्वाची निम्मी उपकरणे जिल्ह्याच्या ठिकाणी आधीच हजर आहेत. ती वेगवेगळ्या कार्यालयांत वेगवेगळ्या कामांसाठी आहेत, एवढेच.

कायद्याने कोणाचे काय काम?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ग्रामपंचायतीला किंवा जिल्हा परिषदेला वाटले म्हणून तिला टेकाड खणता येत नाही. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके व स्थळे केंद्र सरकारकडे, इतर प्राचीन स्मारके राज्याकडे, आणि इतर पुरातत्त्वीय स्थळे केंद्र व राज्य दोघांच्या कक्षेत, अशी राज्यघटनेची वाटणी आहे. १९५८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे राज्य सरकारलासुद्धा पुरातत्त्वीय उत्खननासाठी केंद्राची पूर्वसंमती लागते. हे योग्यच आहे. शस्त्रक्रिया कोणीही करावी असे आपण म्हणत नाही.

मग स्थानिक संस्थांच्या हाती काय उरते? पुष्कळ उरते. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९२ मध्ये पंचायतींच्या विषयांची २९ बाबींची यादी घटनेत आली. तीत पुरातत्त्व हा शब्द नाही. पण ग्रंथालये आहेत, सांस्कृतिक कार्य आहे, रस्ते आहेत, लघुसिंचन आहे, शिक्षण आहे. टेकाड वाचते किंवा जाते ते बहुतेक वेळा याच कामांत. रस्त्याच्या भरावाला माती कोठून आणायची, पाझर तलाव कोठे बांधायचा, शाळेचे पटांगण कोठे सपाट करायचे, हे निर्णय दिल्लीत होत नाहीत.

नंदुरबार जिल्ह्याची आणखी एक विशेष गोष्ट आहे. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी हे तालुके संपूर्ण, आणि नंदुरबार व शहादा तालुक्यांचा काही भाग, अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातील ग्रामसभेला आपली परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार मान्य केला आहे. गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरील पंचायतीची शिफारसही त्या कायद्याने आवश्यक ठरविली आहे. भरावासाठी लागणारी साधी मातीसुद्धा २००० सालापासून गौण खनिजांत मोडते. जाणत्या ग्रामसभेच्या हाती हे मोठे साधन आहे.

सापडलेल्या वस्तूंबाबतही कायदा जुना आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८ च्या निखात निधी कायद्याने घालून दिले. म्हणजे पुरातत्त्वाच्या साखळीतील पहिली कडी जिल्ह्याचे कार्यालय हीच आहे.

जिल्ह्याने करण्याजोगी पाच कामे

इंग्लंडमधील काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. तेथील काउंटी परिषदांनी आपापल्या हद्दीतील सर्व ज्ञात प्राचीन स्थळांची नोंद ठेवण्याची प्रथा पाडली आणि ती नोंद ठेवणारे पुरातत्त्वज्ञ नेमले. १९९० पासून तेथे बांधकामाला परवानगी देण्यापूर्वी या नोंदीचा विचार करण्याचा नियम झाला. उत्खनन क्वचितच करावे लागते. नोंद मात्र रोज उपयोगी पडते. आपल्याकडेही पुढील पाच कामे होण्यासारखी आहेत.

पहिले काम नोंदवहीचे. प्रत्येक गावातील पांढरीची टेकाडे, जुने गावठाण, कोरीव दगड, वीरगळ, जुन्या विहिरी यांची गट क्रमांकासह एक यादी असावी. दुसरे, ही यादी बांधकाम व पाटबंधारे विभागांच्या टेबलावर असावी. तापीवर प्रकाशा आणि सारंगखेडा येथे बॅरेज झाले. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणाचे पाणी जिल्ह्याच्या हद्दीत आले. सरदार सरोवरात अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावांच्या जमिनी गेल्या. पाणी लागतेच, धरणेही लागतात. पण पाण्याखाली गेलेले टेकाड पुन्हा वाचता येत नाही, म्हणून पाहणी पाणी येण्याआधीच व्हायला हवी.

तिसरे, एक खोली. गोळा झालेली खापरे गाव, जागा व तारीख लिहून ठेवण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी कोरडी, कुलूप असलेली जागा असावी. पावतीशिवायची खापरे म्हणजे केवळ खडी. चौथे, थोडा पैसा. राज्य शासनाने अलीकडच्या वर्षांत जिल्हा वार्षिक योजनेतील ३ टक्क्यांपर्यंत निधी गडकिल्ले, मंदिरे व संरक्षित स्मारके यांच्या जतनासाठी ठेवण्याची सोय केली आहे. हा निधी दिसणाऱ्या वास्तूंकडे जातो. न दिसणाऱ्या टेकाडांच्या पाहणीसाठी आणि नमुन्यांच्या कालमापनासाठीही जिल्ह्याने वेगळी तरतूद केली पाहिजे. एका नमुन्याच्या मापनाचा खर्च एका वर्गखोलीच्या बांधकामापुढे अगदी किरकोळ असतो.

पाचवे काम शेतकऱ्याचा विचार करण्याचे. टेकाड पुष्कळदा कोणाच्या तरी मालकीच्या शेतात असते. त्याला केवळ माती काढू नको म्हणणे सोपे आहे, पण त्याचे खत कोणी भरून द्यायचे? त्याला शेणखत किंवा कंपोस्ट पुरविता येईल, गायरानातील टेकाड असेल तर ग्रामसभा ठराव करील, गाळ काढलेल्या तलावाची माती शेतांना देता येईल. शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवून टेकाड वाचणार नाही. त्याला राखणदार केले तर वाचेल.

एक मर्यादाही लक्षात ठेवावी. सातपुड्यात घरे लाकडाची, बांबूची, कुडाची. वाडी जागा बदलते. तेथे सतरा मीटरची टेकाडे होत नाहीत. म्हणून तेथे माणसांना इतिहास नाही असे मुळीच नव्हे. तेथे पाहणी निराळ्या पद्धतीने करावी लागेल : जुन्या पायवाटा, पाणवठे, स्मृतिशिला, आणि वृद्धांच्या तोंडून कळणारी सोडलेल्या पाड्यांची नावे. केवळ टेकाडांची यादी म्हणजे अर्ध्या जिल्ह्याची यादी.

शाळेने काय करावे?

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही कुदळ घेऊन टेकाडावर जाऊ नका. तुमची शस्त्रे आहेत वही, पट्टी आणि डोळे. गावाच्या नकाशात जुने गावठाण कोठे आहे ते शिक्षकांच्या मदतीने शोधा. टेकाडाची लांबी, रुंदी पावलांनी मोजा. कोठे माती काढलेली असेल तर त्या उभ्या कापावर दिसणारे थर, त्यांचे रंग व जाडी वहीत काढा. खापरे उचलू नका. शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घ्या आणि जागा लिहा. वर्षभराने त्याच जागी पुन्हा जा. कडा किती मागे सरकली ते मोजा. एका शाळेची अशी पाच वर्षांची नोंद ग्रामसभेपुढे ठेवली, तर ती कोणत्याही भाषणापेक्षा अधिक बोलेल.

करून पाहा

१. कार्बन-१४ चा आलेख काढा. ० वर्षांना १०० टक्के आणि ५७३० वर्षांना ५० टक्के. निम्म्या काळाला, म्हणजे २८६५ वर्षांना, ०.५ चे वर्गमूळ ०.७०७, म्हणून ७०.७ टक्के. त्याच्या निम्म्या काळाला पुन्हा वर्गमूळ घ्या. बिंदू जोडून सलग वक्र काढा आणि ६५.५ टक्क्यांना किती वर्षे येतात ते वाचा.

२. वरील उदाहरणात आधुनिक कार्बनची भेसळ १० ऐवजी ५ टक्के असेल, तर काळ किती चुकेल? आलेखावरून काढा.

३. तुमच्या गावच्या टेकाडाची उंची ४ मीटर आहे आणि थर वर्षाला सरासरी ६ मिलिमीटर वाढले असे धरले, तर वस्ती किती वर्षे होती? हे उत्तर चुकण्याची तीन कारणे लिहा.

४. तुमच्या ग्रामपंचायतीच्या गेल्या वर्षीच्या कामांची यादी मिळवा. त्यांपैकी कोणत्या कामासाठी माती आणली आणि ती कोठून आणली, याची चौकशी करून वर्गात सांगा.